क्ष-किरण विवर्तनाची कार्यशाळा कशी घ्यावी: ठाणे-नवी मुंबईतल्या महाविद्यालयांसाठी चार दिवसांची आखणी

एमएस्सीला एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरण विवर्तनाने स्फटिकातली अणूंची मांडणी ओळखण्याची पद्धत, शिकलेल्या विद्यार्थ्याला ब्रॅगचा नियम पाठ असतो. पण स्वतःचा नमुना हातात आला की तो पहिल्याच पायरीवर अडतो. ही पूड होल्डरमध्ये भरायची कशी? किती बारीक वाटायची? आलेल्या आलेखातला हा छोटासा पीक (टोकदार उंचवटा) खरा, की यंत्राचा? ही उत्तरं व्याख्यानात मिळत नाहीत. ती खल-बत्त्याशी आणि कच्च्या आलेखाशी झटापट करूनच मिळतात. म्हणून कार्यशाळेचा निम्म्याहून अधिक वेळ नमुना तयार करण्यात आणि आलेख डोळ्यांनी वाचण्यात जावा, सॉफ्टवेअर शेवटी उघडावं, असं माझं ठाम मत आहे. खालची आखणी त्याच मतावर बेतलेली आहे.

हा वर्ग कोणासाठी? रसायन, भौतिकी आणि भूशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी, त्यांचे शिक्षक, आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात किंवा अंबरनाथ-डोंबिवलीकडे क्वालिटी कंट्रोलमध्ये काम करणारी मंडळी. या तिघांना एकत्र बसवा. कंपनीतल्या माणसाला नमुन्याची शिस्त ठाऊक असते, विद्यार्थ्याला सूत्रं ताजी असतात, आणि एकाच खलाभोवती बसल्यावर दोघंही एकमेकांकडून पुष्कळ शिकतात.

महिनाभर आधी

तारखा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठरवा. यामागे प्रवासाच्या सोयीपेक्षा हवेचं कारण मोठं आहे. जुलैत आपल्याकडे मिठाला पाणी सुटतं, कारण हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ ओलावा ओढून विरघळू लागतं. नमुना होल्डरमध्येच पाझरला तर आलेखावर भरवसा ठेवता येत नाही. शिवाय दमट खोलीत यंत्र थंड ठेवणाऱ्या चिलरचं पाणी फार थंड ठेवलं तर क्ष-किरण ट्यूबच्या आवरणावर दव धरतं, आणि उच्च दाबाच्या विद्युत उपकरणात ओल म्हणजे धोका. पावसाळ्यातच घ्यायची वेळ आली तर खोलीत डीह्युमिडिफायर चालू ठेवा, चिलरचं तापमान यंत्राच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाजवळ ठेवा आणि नमुने सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये जपा.

संख्या २४ च्या वर नेऊ नका. हा आकडा यंत्राच्या वेळेवरून येतो. एका वेळी एकच कोन मोजणाऱ्या जुन्या पॉइंट डिटेक्टरवर १० ते ८० अंशांचा स्कॅन ०.०२ अंशाच्या पायरीने आणि पायरीला एक सेकंद असा घेतला तर ३५०० पायऱ्या होतात, म्हणजे जवळजवळ तासभर. अनेक कोन एकदम मोजणाऱ्या नव्या स्ट्रिप डिटेक्टरवर तेच काम दहा मिनिटांत उरकतं. चौघांचा एक असे सहा गट केले आणि नमुना बदलायला पाच मिनिटं धरली, तर स्ट्रिप डिटेक्टरवर एक फेरी दीड तासात संपते. पॉइंट डिटेक्टर असेल तर संख्या १२ वर आणा आणि स्कॅनची कक्षा आखडती घ्या. मिठासाठी २५ ते ६० अंश पुरतात.

महाविद्यालयात यंत्र नसेल तरी कार्यशाळा अडत नाही. पहिला दिवस आणि नमुने बनवण्याचं काम आपल्याच प्रयोगशाळेत करा आणि यंत्राचा दिवस अशा संस्थेत ठेवा जिथे बाहेरच्यांचे नमुने शुल्क घेऊन तपासतात. तिथल्या ऑपरेटरशी आधी सविस्तर बोलून घ्या. होल्डर कोणत्या मापाचा आहे, पूड किती लागते, कच्चा डेटा कोणत्या फाइलमध्ये मिळतो आणि सहभागींना स्वतः नमुना चढवू देतील का, हे चार प्रश्न विचाराच. शेवटच्या प्रश्नाला नकार आला तर दुसरी संस्था पाहा. जागा ट्रान्स-हार्बर मार्गावरच्या एखाद्या स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर असावी. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे ही स्टेशनं ठाण्याकडच्यांना आणि पनवेलकडच्यांनाही सोयीची पडतात.

सामानाची जमवाजमव बरीचशी किराणा दुकानात आणि बाजारात होते. साधं आयोडीनयुक्त मीठ, कमी सोडियमचं मीठ, पानाच्या ठेल्यावरचा ओला चुना, तुरटी, खडीसाखर. चेंदणीच्या किंवा दिवाळ्याच्या कोळीवाड्यातून तिसऱ्या आणि कालवं या खाण्याच्या जातींचे शिंपले आणा आणि उकळून, घासून, वाळवून ठेवा. बांधकामाच्या जागेवरची मूठभर खडीही हवी, पण येऊरच्या जंगलातून दगड उचलू नका. तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा आहे. प्रयोगशाळेकडून शुद्ध पोटॅशियम क्लोराइड, झिंक ऑक्साइड, अ‍ॅल्युमिना आणि यंत्र तपासायला प्रमाणित सिलिकॉनची पूड लागेल. प्रत्येक गटाला अगेट या कठीण दगडाचा एक खल मिळालाच पाहिजे. चिनी मातीचा खल झिजतो आणि त्याचीच पूड नमुन्यात मिसळते.

यंत्राच्या खोलीत शिरण्याआधी

क्ष-किरणांची मुख्य शलाका उघड्या बोटांवर काही सेकंद पडली तरी गंभीर भाजतं आणि ती जखम भरायला फार काळ लागतो. आजची यंत्रं बंद कपाटात असतात, दार उघडलं की शटर आपोआप बंद होतं, म्हणून नीट वापरलेलं यंत्र सुरक्षित असतं. पण ही इंटरलॉकची व्यवस्था कोणीही, कोणत्याही कारणाने, एका मिनिटासाठीसुद्धा निकामी करायची नाही, हे पहिल्या तासात स्पष्ट शब्दांत सांगा. ट्यूबच्या खिडक्या बेरिलियमच्या असतात आणि बेरिलियम विषारी आहे, तेव्हा त्यांना हात लावायचा नाही. यंत्राची नोंदणी अणुऊर्जा नियामक मंडळाकडे, म्हणजे एईआरबीकडे, झालेली आहे का आणि खोलीत किरणोत्सार-मापक फिरवून गळती तपासली आहे का, हे आयोजकाने आधीच पाहून ठेवावं. किरणोत्साराशी संबंधित काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि सर्वसामान्य माणसाला १ मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. तुमचे सहभागी दुसऱ्या गटात मोडतात.

आणखी एक धोका लोक विसरतात, तो धुळीचा. पूड वाटताना मास्क हवाच, विशेषतः क्वार्ट्झ असलेल्या दगडाची. चुना हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा.

पहिला दिवस: कागद, पेन्सिल आणि मीठ

सकाळी सममिती. सात स्फटिक प्रणाली, चौदा ब्राव्हे जालकं, २३० अवकाशगट हे आकडे फळ्यावर लिहा, पण पाठ करायला लावू नका. जालक आणि त्यातला आशय यांतला फरक कळला की पुरे. त्यासाठी ठिपक्यांची रांगोळी उत्तम. ठिपके म्हणजे जालक, आणि त्यांच्या आधाराने काढलेली नक्षी म्हणजे अणूंची मांडणी. ठिपके सरळ ओळींत घातले तर चौरस जालक, एकाआड एक सरकवून घातले तर षट्कोनी. प्रत्येकाला कागदावर दोन्ही काढू द्या आणि त्यात पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत लहान तुकडा शोधायला सांगा. नेमका इथेच युनिट सेलचा अर्थ पक्का होतो. मग त्याच ठिपक्यांतून तिरक्या रेघा ओढून (१००), (११०), (२१०) अशी प्रतलं दाखवा; कंसातले आकडे म्हणजे प्रतलाची दिशा सांगणारे निर्देशांक. निर्देशांक वाढतात तसं प्रतलांमधलं अंतर कमी होतं, हे मुलांना पट्टीने मोजू द्या.

इतिहासाला अर्धा तास द्या, त्याहून जास्त नको. १८९५ मध्ये राँटगेनला क्ष-किरण सापडले, १९१२ मध्ये लाउएच्या सहकाऱ्यांनी मोरचुदाच्या स्फटिकातून ते सोडून ठिपक्यांचं छायाचित्र मिळवलं, आणि १९१३ मध्ये लॉरेन्स ब्रॅगने मिठाची व त्याच्या भाईबंद क्षारांची रचना उलगडली. १९१५ चं नोबेल त्याला आणि त्याच्या वडिलांना मिळून मिळालं, तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. आपल्याकडच्या दोघांची नावं घ्यायला विसरू नका: नॅफ्थलीन आणि अँथ्रासीनच्या रचनेवर काम करणारे केदारेश्वर बॅनर्जी, आणि कोलॅजनची तिपेडी रचना १९५४ मध्ये मांडणारे जी. एन. रामचंद्रन.

दुपारनंतर ब्रॅगचंच काम सहभागींकडून करून घ्या. मिठाचा आधीच घेतलेला आलेख छापून वाटा, संगणक बंद. तांब्याच्या ट्यूबची तरंगलांबी १.५४०६ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग). आलेखावर पीक दिसतात ते साधारण २७.३७, ३१.७०, ४५.४५, ५३.८७ आणि ५६.४८ अंशांवर. हे टू थीटाचे कोन आहेत, म्हणून आधी निम्मे करायचे. यात चुकणारा एक तरी निघतोच, त्यामुळे प्रत्येक गटाची पहिली ओळ तपासा.

मग प्रत्येक थीटाचा साइन काढून वर्ग करा. येतात ०.०५६०, ०.०७४६, ०.१४९२, ०.२०५२ आणि ०.२२३९. सगळ्यांना पहिल्याने भागून तीनने गुणलं की ३, ४, ८, ११, १२ ही ओळ मिळते. घनाकृती जालकात हे आकडे म्हणजे तीन निर्देशांकांच्या वर्गांची बेरीज. ३ म्हणजे (१११), ४ म्हणजे (२००), ८ म्हणजे (२२०), ११ म्हणजे (३११), १२ म्हणजे (२२२). प्रत्येक ठिकाणी तिन्ही निर्देशांक एकतर सगळे विषम किंवा सगळे सम आहेत, आणि हीच फलककेंद्रित जालकाची, म्हणजे घनाच्या प्रत्येक फलकाच्या मध्यावरही बिंदू असलेल्या जालकाची, खूण. आता ब्रॅगच्या नियमाने (प्रतलांमधलं अंतर = तरंगलांबी भागिले साइन थीटाची दुप्पट) ३१.७० अंशांवरून अंतर काढा: १.५४०६ भागिले (२ × ०.२७३१) म्हणजे २.८२ अँगस्ट्रॉम. (२००) साठी त्याची दुप्पट, ५.६४ अँगस्ट्रॉम, ही मिठाच्या घनाची बाजू. हातांनी केलेल्या भागाकारातून अणूंमधलं अंतर बाहेर पडतं तेव्हा वर्गातल्या चेहऱ्यांवर जो आनंद दिसतो, त्याच्यासाठी ही दुपार राखून ठेवावी.

लगेच पोटॅशियम क्लोराइडचा आलेख द्या. पीक २८.३५, ४०.५, ५०.२, ५८.६, ६६.४ अंशांवर. गुणोत्तरं येतात १, २, ३, ४, ५. हे तर साध्या घनाकृती जालकासारखं दिसतं! रचना मिठासारखीच, मग फरक का? पंधरा मिनिटं वाद होऊ द्या. उत्तर इलेक्ट्रॉनांच्या संख्येत आहे. क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात, आणि पोटॅशियमचा आयन व क्लोराइडचा आयन या दोघांकडेही १८ इलेक्ट्रॉन असल्याने किरणांना ते जवळजवळ सारखेच दिसतात. त्यामुळे विषम निर्देशांकांचे पीक एकमेकांना मारून नाहीसे होतात. सोडियम आयनाकडे १० च इलेक्ट्रॉन असल्याने मिठात हे पूर्णपणे घडत नाही, (१११) चा छोटा पीक शिल्लक राहतो. अणूंच्या मांडणीवरून पीकची उंची सांगणारं स्ट्रक्चर फॅक्टरचं सूत्र याच्यानंतर लिहा, आधी नको.

दिवस संपता संपता एका काचपट्टीवर ताज्या चुन्याचा पातळ थर पसरा आणि यंत्र जवळ असेल तर लगेच स्कॅन करा. ही पट्टी फेकायची नाही, झाकायचीही नाही. रोज संध्याकाळी तिचा स्कॅन घ्यायचा आहे.

दुसरा दिवस: खल, होल्डर आणि यंत्र

हा दिवस सगळ्यांत महत्त्वाचा. घाई करू नका.

सकाळची सुरुवात सिलिकॉनच्या स्कॅनने. पीक २८.४४, ४७.३० आणि ५६.१२ अंशांवर यायला हवेत. ०.०२ अंशाहून जास्त सरकले असतील तर आधी होल्डर नीट बसला आहे का ते पाहा. ट्यूब बरेच दिवस बंद असेल तर व्होल्टेज आणि करंट टप्प्याटप्प्याने चढवा. नेहमीचं काम ४० किलोव्होल्ट आणि ३० ते ४० मिलिअँपिअरवर होतं. याच सिलिकॉनवर ७६.४ अंशांजवळचा पीक मोठा करून दाखवा. तिथे एकाच्या जागी दोन दिसतात, कारण तांब्याच्या ट्यूबमधून के-अल्फा-एक आणि के-अल्फा-दोन अशा दोन अगदी जवळच्या तरंगलांब्या येतात. २८ अंशांजवळ त्यांच्यातलं अंतर ०.०७ अंश, म्हणून ते मिसळून जातात. ७६ अंशांजवळ ०.२२ अंश, म्हणून सुटे दिसतात. हे माहीत नसलं की माणूस दुसरा पदार्थ शोधत बसतो.

आता खल. पूड किती बारीक हवी? बोटांत चोळल्यावर कण अजिबात लागू नयेत, चाळणीतून ४५ मायक्रॉनखाली यावी, आणि प्रमाण काढायचं असेल तर १० मायक्रॉनच्याही खाली. कण जाड राहिले तर किरणांच्या वाटेत फार थोडे कण योग्य कोनात येतात आणि पीकची उंची दर वेळी वेगळी निघते. हे सिद्ध करून दाखवा: एका गटाला जाडं मीठ तसंच भरू द्या, दुसऱ्याला पाच मिनिटं वाटलेलं, तिसऱ्याला वाटून चाळलेलं. तिन्ही आलेख एकावर एक ठेवले की व्याख्यानाची गरज उरत नाही. पण उलट बाजूही सांगा. फार वेळ जोर लावून वाटलं तर स्फटिकांची मोडतोड होते, पीक रुंदावतात, आणि औषधांच्या बाबतीत एक रूप दुसऱ्यात बदलू शकतं. नाजूक पदार्थावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब टाकून हलक्या हाताने वाटा, मात्र तो त्या द्रवात विरघळत नाही याची आधी खात्री करा.

मग भरणं. खोलगट होल्डरमध्ये पूड वरून टाकून काचेने दाबली की चपटे कण आडवे झोपतात, त्यामुळे काही पीक फुगतात आणि काही दबतात. याला प्रिफर्ड ओरिएंटेशन म्हणतात. आपला चुना याचं सुरेख उदाहरण आहे. त्यातल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे कण पत्र्यासारखे चपटे असतात. सर्व दिशांनी पडलेल्या पुडीत सर्वांत उंच पीक ३४.१ अंशांवर असायला हवा. काचेवर फासलेल्या थरात मात्र १८.० अंशांचा डोकं वर काढतो. उपाय म्हणजे बॅक-लोडिंग. होल्डर सपाट काचेवर पालथा ठेवून मागून पूड हळू भरायची, झाकण लावून उलटा करायचा, आणि वरचा भाग अजिबात घासायचा नाही. प्रत्येकाने हे स्वतः करावं, गटातल्या एकाने करून बाकीच्यांनी बघितलेलं चालणार नाही.

पृष्ठभागाची उंची हा पुढचा धडा. पूड होल्डरच्या काठाच्या ०.१ मिलिमीटर वर राहिली, आणि यंत्राची त्रिज्या २४० मिलिमीटर असली, तर पीक सुमारे ०.०५ अंशाने मोठ्या कोनाकडे सरकतो. लहान बेंचटॉप यंत्रावर, १५० मिलिमीटर त्रिज्येला, ०.०७ अंशाने. खाली राहिली तर लहान कोनाकडे. नमुना फारच थोडा असेल, वीस-तीस मिलिग्रॅम, तर तिरका कापलेला सिलिकॉनचा झिरो-बॅकग्राउंड होल्डर, म्हणजे स्वतःचे पीक न दाखवणारा, घ्या. साधी काचपट्टी वापरली तर २० ते ३० अंशांच्या आसपास काचेचाच पसरट उंचवटा येतो आणि तो नमुन्यातला अस्फटिकी भाग समजला जाण्याची शक्यता असते. तो मुद्दाम दाखवायला रिकामी काचपट्टी स्कॅन करा.

स्कॅनच्या सेटिंगबद्दल थोडकंच. पीकच्या निम्म्या उंचीवरच्या रुंदीत किमान पाच-सहा बिंदू बसावेत इतकी पायरी लहान हवी. मोजणीतली अनिश्चितता डिटेक्टरने मोजलेल्या क्ष-किरण फोटॉनांच्या संख्येच्या वर्गमुळाइतकी असते. १०० मोजले तर १० टक्के, १०,००० मोजले तर १ टक्का. सेंद्रिय पदार्थांचे महत्त्वाचे पीक लहान कोनांना असतात, म्हणून औषधांसाठी स्कॅन ५ अंशांपासून सुरू करा आणि साधारण ४० ला थांबवा.

तिसरा दिवस: ओळख पटवणं

पहिला नमुना कमी सोडियमचं मीठ. त्यात सोडियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड दोन्ही असतात. पहिल्या दिवशी हाताने काढलेले कोन समोर ठेवून प्रत्येक पीकवर पेन्सिलीने खूण करायची. २८.३५ चा पोटॅशियमचा. पण इथे एक फसगत आहे, ती जरूर घडवून आणा. यंत्रातला के-बीटा किरण अडवणारा निकेलचा फिल्टर ऑपरेटरला काढायला सांगून शुद्ध मिठाचा स्कॅन घ्या, म्हणजे २८.६ अंशांजवळ एक नवा पीक उगवेल. तो मिठाच्या ३१.७ च्या पीकचाच, ट्यूबमधूनच येणाऱ्या कमी तरंगलांबीच्या के-बीटा किरणांनी उमटवलेला जोडीदार आहे; तरंगलांबी १.३९२२ घालून हिशेब केला की ५.६४ चीच बाजू येते. पोटॅशियमच्या इतका जवळ आल्यामुळे सॉफ्टवेअरही फसू शकतं. कोणत्याही मोठ्या पीकच्या डाव्या बाजूला अनोळखी छोटा पीक दिसला की आधी के-बीटाचा हिशेब करायचा, ही सवय इथे लागते.

आयोडीन कुठे आहे, हा प्रश्न कोणीतरी विचारेलच. आयोडीनयुक्त मिठात ते दशलक्षात १५ ते ३० भाग असतं. नेहमीच्या प्रयोगशाळेतल्या यंत्राला एखाद-दोन टक्क्यांखालचा घटक सहसा दिसत नाही. "पीक नाही" याचा अर्थ "पदार्थ नाही" असा होत नाही, हे अहवाल लिहिणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं.

दुसरा नमुना शिंपल्यांचा, आणि तो माझा सर्वांत आवडता. तिसऱ्या आणि कालवं, दोन्हींचा शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा. रासायनिक विश्लेषण दोघांना एकच नाव देईल. आलेखात मात्र कालवाचा मुख्य पीक २९.४ अंशांवर येतो, तो कॅल्साइटचा; तिसरीचे २६.२, २७.२ आणि ४५.९ वर, ते अ‍ॅरागोनाइटचे. मग तिसरीची पूड भट्टीत ५०० अंश सेल्सिअसला दोन तास तापवून, थंड करून पुन्हा स्कॅन करा. अ‍ॅरागोनाइटचे पीक जाऊन २९.४ चा उभा राहतो. एकाच संयुगाची दोन रूपं आणि उष्णतेने होणारं रूपांतर, दोन्ही डोळ्यांसमोर. औषध कंपन्यांतल्या मंडळींना याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. १९९८ मध्ये रिटोनाविर या एचआयव्हीवरच्या औषधाचं कमी विरघळणारं नवं रूप उत्पादनात अचानक उपटलं आणि कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या होत्या. औषधाच्या रूपाची खातरी करताना पीकची जागा प्रमाण नमुन्याशी ±०.२ अंशात जुळावी, असा रिवाज आहे.

आता डेटाबेस उघडा. क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेस फुकट आहे; आयसीडीडी या संस्थेच्या संदर्भ-आलेखांच्या फाइलला परवाना लागतो. शोध लावण्याआधी नमुन्यात कोणती मूलद्रव्यं असू शकतात ते भरायला लावा, नाहीतर यादीत भलतीच संयुगं वर येतात. आणि एक नियम कडक पाळा: सुचवलेल्या पदार्थाचे सर्व मोठे पीक आलेखात सापडले पाहिजेत. तीन जुळले आणि चौथा मोठा पीक बेपत्ता असेल तर तो पदार्थ बाद. प्रिफर्ड ओरिएंटेशनची सबब सांगायची असेल तर नमुना पुन्हा भरून दाखवा.

शेवटी बांधकामावरची खडी. ती आपला बेसॉल्ट. त्यातल्या खनिजांपैकी प्लॅजिओक्लेजचा पीक २८ अंशांजवळ, ऑजाइटचा ३० च्या अलीकडे, मॅग्नेटाइटचा ३५.५ च्या आसपास, आणि सगळ्यांच्या खाली उंच, खरखरीत पार्श्वभूमी. कारण लोखंड. तांब्याच्या के-अल्फा किरणांची ऊर्जा ८.०५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे आणि लोखंडाच्या आतल्या कवचातून इलेक्ट्रॉन काढायला ७.११ पुरतात, म्हणून लोखंड स्वतःच क्ष-किरण सोडू लागतं. कोबाल्टची ट्यूब असेल तर तिची ऊर्जा ६.९३, लोखंडाला चेतवण्याइतकी नाही. ट्यूब बदलणं शक्य नसेल तर मोनोक्रोमेटर (एकच तरंगलांबी पुढे सोडणारा स्फटिक) किंवा डिटेक्टरची ऊर्जामर्यादा घट्ट करणं हा मार्ग आहे. सह्याद्रीच्या दगडामातीवर प्रकल्प करणाऱ्याला ही अडचण हमखास येते.

चौथा दिवस: रुंदी, प्रमाण आणि एकच स्फटिक

पीकच्या रुंदीवरून स्फटिकी तुकड्याचा आकार काढणारं शेररचं सूत्र इतकं सोपं आहे की त्याचा गैरवापर फार होतो. झिंक ऑक्साइडचा ३६.२५ अंशांचा पीक घ्या. समजा निम्म्या उंचीवरची रुंदी ०.४० अंश आली. ती रेडियनमध्ये बदला, ०.००६९८. ०.९ (सूत्रातला स्थिरांक) गुणिले १.५४०६ भागिले (०.००६९८ × ०.९५०, म्हणजे थीटाचा कोसाइन) केलं की सुमारे २०९ अँगस्ट्रॉम, म्हणजे २१ नॅनोमीटर. पण यंत्राची स्वतःची रुंदी ०.१० अंश असेल तर? सरळ वजा केली तर उत्तर २८ नॅनोमीटर, वर्ग करून वजा केली तर २१.६. तेव्हा प्रबंधात "आकार २०.९३ नॅनोमीटर" असं लिहिणं चूक आहे. कोणती वजाबाकी केली ते लिहा, एकाहून अधिक पीकवरून काढा, आणि हा स्फटिकी तुकड्याचा आकार आहे, कणाचा नव्हे, हे नोंदवा. १०० नॅनोमीटरच्या पुढे साध्या यंत्रावर ही पद्धत डगमगते.

मोजलेल्या पूर्ण आलेखावर गणिताने काढलेला आलेख बसवून प्रमाण आणि मापं काढणाऱ्या रीटव्हेल्ड पद्धतीला एक दुपार पुरत नाही, फक्त तोंडओळख होते. ह्यूगो रीटव्हेल्डने ती १९६९ मध्ये मांडली. आज प्रोफेक्स, जीसॅस-टू, फुलप्रॉफ ही सॉफ्टवेअरं विनामूल्य मिळतात. नवशिक्यांसाठी प्रोफेक्स बरं. अ‍ॅल्युमिना आणि झिंक ऑक्साइड ७०:३० वजनाने मिसळून द्या, म्हणजे खरं उत्तर तुम्हाला माहीत असतं. क्रम पाळा: आधी स्केल आणि पार्श्वभूमी, मग नमुन्याची उंची, मग सेलची मापं, मग पीकचा आकार. अणूंच्या जागा आणि तापीय घटक यांना पहिल्या दिवशी हात लावू नका. आर-डब्ल्यूपी हा दोन आलेखांतली तफावत सांगणारा आकडा पार्श्वभूमी उंच असली की आपोआप चांगला दिसतो, त्यामुळे आकड्यापेक्षा खालच्या फरकाच्या रेषेकडे बघा.

एकस्फटिक पद्धतीसाठी, म्हणजे पुडीऐवजी एकाच स्फटिकावर मोजण्यासाठी, खडीसाखर आणि तुरटी ध्रुवक सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. दोन ध्रुवक काटकोनात असताना स्टेज फिरवली की खडीसाखरेचा तुकडा उजळतो आणि विझतो, तुरटी अंधारीच राहते, कारण ती घनाकृती आहे. चांगला स्फटिक ०.१ ते ०.३ मिलिमीटरचा, स्वच्छ कडांचा आणि एकदम विझणारा असतो. तो तेलाच्या थेंबात निवडून छोट्या फाशावर उचलणं हे कौशल्य हातांचं आहे, तासभर सराव द्या. जमलं तर खारघरच्या कर्करोग-संशोधन करणाऱ्या अ‍ॅक्ट्रेकसारख्या संस्थेतून प्रथिनांच्या रचनेवर काम करणाऱ्या एखाद्या संशोधकाला बोलवा. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिनने इन्सुलिनच्या स्फटिकाचं पहिलं क्ष-किरण छायाचित्र १९३० च्या दशकात घेतलं आणि रचना १९६९ मध्ये पूर्ण झाली. या कामाला लागणारा धीर प्रत्यक्ष करणाऱ्याच्याच तोंडून ऐकावा.

संध्याकाळी चुन्याच्या पट्टीचा शेवटचा स्कॅन. चारही आलेख एकावर एक ठेवा. १८.० आणि ३४.१ चे पीक उतरत गेलेले आणि २९.४ चा वाढलेला दिसेल. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने चुन्याचं कॅल्साइट केलं. किती झपाट्याने, ते थराच्या जाडीवर आणि ओलाव्यावर अवलंबून, त्यामुळे गटागटांत फरक पडेल. तो का पडला हे त्यांनाच लिहू द्या.

त्यानंतर

प्रमाणपत्र चौथ्या दिवशी देऊ नका. प्रत्येक गटाला एक बिननावाची कुपी द्या आणि तीन आठवड्यांची मुदत. कुपीत काय घालावं? एकात तिसरी आणि कालवाची मिसळलेली पूड, एकात कमी सोडियमचं मीठ थोड्या चुन्यासह, एकात झिंक ऑक्साइड काचेच्या पुडीबरोबर; या शेवटच्या कुपीत अस्फटिकी भाग ओळखता येतो का ते कळतं. अहवाल दोन पानांचा. त्यात नमुना कसा वाटला, कसा भरला, कोणता होल्डर, किती किलोव्होल्ट-मिलिअँपिअर, कोणती पायरी, सिलिकॉनचा पीक त्या दिवशी कुठे आला, प्रत्येक पीकला दिलेलं नाव आणि नाव न सापडलेल्या पीकची वेगळी यादी. ही शेवटची यादी प्रामाणिकपणे भरलेली असेल तर एखादा पदार्थ चुकला तरी उत्तीर्ण करा. यादी कोरी ठेवून सगळं काही ओळखल्याचा दावा केला असेल तर कच्ची फाइल मागवून घ्या आणि त्या गटाला पुन्हा खलाशी बसवा.